फ्रँकलिनची ठिपक्यांची वही

अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात बेंजामिन फ्रँकलिन (१७०६-१७९०) ह्याचा छापखाना होता. विजेविषयीच्या प्रयोगांमुळे व स्वदेशाच्या स्वातंत्र्यकार्यामुळे पुढे तो जगद्विख्यात झाला. तारुण्यात त्याने निराळाच उद्योग आरंभिला होता. आपल्या अंगचे सारे दोष घालवावयाचे, असे त्याने ठरविले. नुसत्या निश्चयाने हे साधेना. एका दोषावर लक्ष ठेवावे, तोच दुसरा हळूच डोके वर काढी.

तेव्हा त्याने एक छोटी वही केली. मितभाषण, काटकसर, उद्योग, नम्रता असे १३ गुण निवडून प्रत्येकास एक पान दिले. पानावर तांबड्या शाईने सात वारांचे सात रकाने आखले; आडव्या ओळी १३ गुणांच्या. रात्री दिवसभराचे वर्तन आठवावयाचे आणि जेथे चूक घडली असेल तेथे काळा ठिपका द्यावयाचा. मात्र एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणाकडे. बाग निंदणारा माणूस एक वाफा स्वच्छ करून मगच दुसऱ्यास हात घालतो, तशी ही रीत होती. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या!

ठिपके इतके पडले, की तो स्वतःच चकित झाला. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडता खरवडता कागदास भोके पडली. मग त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तीवर शिसपेनीने केलेल्या खुणा ओल्या स्पंजाने पुसता येत.

सर्वांत छळले ते व्यवस्थितपणाने. प्रत्येक वस्तूस जागा व प्रत्येक कामास वेळ असावी, म्हणून त्याने पहाटे ५ पासून रात्री १० पर्यंतचे वेळापत्रक केले. आज कोणते सत्कृत्य करू, हा प्रश्न सकाळी. कोणते केले, हा रात्री. परंतु छापखान्याचा धनी तो; गिऱ्हाइके आपल्या सवडीने येत. शिवाय स्मरणशक्ती तल्लख असल्यामुळे कागदपत्र जागच्या जागी ठेवण्याची निकड त्यास भासत नसे. हुशार मुलांचेही पुष्कळदा असेच होते!

ह्या फजितीवर तो एक गोष्ट सांगे. एका माणसास कुऱ्हाडीचे सारे पाते धारेसारखे लखलखीत हवे होते. लोहाराने घासून देण्याचे कबूल केले. चाक मात्र गिऱ्हाइकाने फिरवावयाचे. थोड्याच वेळात तो थकला आणि म्हणाला, ठिपक्यांची कुऱ्हाडच मला अधिक आवडते!

म्हातारपणी स्मरण मंदावले, तेव्हा अव्यवस्थितपणाची झळ फ्रँकलिनला चांगलीच लागली. पुढे पुढे फेरी वर्षातून एकदा, मग काही वर्षांतून एकदा होऊ लागली आणि परदेशचे प्रवास व कामांची गर्दी ह्यांत अखेर थांबली. ती छोटी वही मात्र तो सदैव जवळ बाळगी.