दर दुसऱ्याचा, जाब एजंटाला

विमा एजंट म्हटला की आपल्याकडे गोड बोलून पॉलिसी गळ्यात मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मी अमेरिकेत हाच व्यवसाय करतो. पण तिथल्या आरोग्य विम्याच्या एजंटाची गत निराळीच आहे. दर ठरवणं त्याच्या हाती नाही, सवलत देणं त्याच्या हाती नाही. हप्ता वाढला की जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

तिथे बहुतेक नोकरदारांना विमा नोकरीतूनच मिळतो. ज्यांना तसा मिळत नाही, म्हणजे छोटे दुकानदार, टॅक्सीवाले, नोकरी गेलेले, त्यांच्यासाठी २०१० च्या ‘ओबामाकेअर’ कायद्याने सरकारी विमा बाजार उभा केला. आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही की आजारापोटी जास्त हप्ता लावायचा नाही, हे त्यातले नियम मला मनापासून पटतात. १ ऑक्टोबर २०१३ ला त्याची वेबसाइट उघडली आणि कोलमडली. पहिल्या दिवशी तिच्यावर अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली!

आज वेबसाइट चालते. अडतं ते अर्जापाशी. सरकारी मदत पुढच्या वर्षीच्या अंदाजी उत्पन्नावर ठरते. टॅक्सीवाल्याने तो अंदाज सांगायचा कसा? कमी सांगितला आणि कमाई जास्त झाली, तर कर भरताना मदत परत करावी लागते. २०२६ च्या विम्यासाठी बहुतेक राज्यांत एकट्या माणसाची मर्यादा ६२,६०० डॉलर ठरली. एक डॉलर वर गेला की मदत शून्य. २०२१ पासून मिळणाऱ्या वाढीव मदतीत अशी कडेलोटाची रेषा नव्हती. त्या मदतीची मुदत २०२५ अखेर संपली. ज्यांचे हप्ते एकदम चढले, त्यांचा पहिला फोन एजंटालाच आला.

मग सरकार दरावर लगाम का घालत नाही, असं तुम्ही विचाराल. घालतं, पण अर्धा. १५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढ मागितली तर तिची तपासणी होते; ती रोखण्याचा अधिकार मात्र ज्या राज्याच्या कायद्यात असेल तिथेच. दुसरा नियम असा, की वैयक्तिक विम्यात जमलेल्या दर शंभर डॉलरपैकी किमान ८० उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्च झाले पाहिजेत; नाहीतर फरक ग्राहकांना परत. उरलेल्या वीसमध्ये पगार, कचेऱ्या, नफा आणि एजंटाचं कमिशन.

गोम इथेच आहे. नियम हप्त्याच्या वाटणीवर आहे, हॉस्पिटलच्या बिलावर नाही. बिलं वाढली आणि शंभराचे दीडशे झाले, तर कंपनीच्या वीसाचेही तीस होतात. कंपनीला काटकसर करायची झाली, की कात्री सहज चालते ती कमिशनवर. नोंदणीच्या हंगामाबाहेर आलेल्या ग्राहकासाठी काही कंपन्या कमिशनच देत नाहीत. ग्राहकाला हप्ता सारखाच, एजंटामार्फत घ्या किंवा थेट. मग ज्याचे कागद समजावायला तीन तास लागतात, त्याच्यासाठी वेळ कोण काढणार? नेमकी त्यालाच मदतीची सर्वांत जास्त गरज असते.

आमच्या धंद्यातही काळी मेंढरं आहेत. काहींनी लोकांना न विचारता त्यांच्या योजना परस्पर बदलल्या. म्हणून जुलै २०२४ पासून नवा नियम आला: आधीपासून संबंध नसलेल्या एजंटाने अर्जात बदल करायचा, तर ग्राहकासह सरकारी केंद्राला तिघांचा एकत्र फोन लावायचा. नियम गरजेचाच होता. पण फोन कानाला लावून ताटकळतो तो प्रामाणिक एजंटही.

तुमचं कुणी तिथे असेल आणि नोकरीबरोबर त्याचा विमा गेला, तर त्याला एवढं जरूर सांगा: या बाजारात नवा विमा घ्यायला साठ दिवस मिळतात. त्या दिवसांत हप्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. आपला डॉक्टर या योजनेत आहे का, आणि रोजची औषधं तिच्यात बसतात का? एजंटाला दर कमी करता येत नाही. पण या प्रश्नांची नीट उत्तरं देणं त्याच्या हातात नक्की असतं.