ऊब टिपणारा अर्धवाहक

रात्री स्वारगेटच्या एसटी स्थानकावर दिवे गेले, तर फलाटावरची माणसे आपल्याला दिसणार नाहीत. तरीही प्रत्येकाच्या अंगातून अवरक्त किरण बाहेर पडतच असतात. त्यांची तीव्रता ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. हे किरण टिपणारा साधा कॅमेरा का नाही?

साध्या कॅमेऱ्यातील अर्धवाहक सिलिकॉनचा असतो. त्यातला बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. हे त्याचे ‘पट्ट-अंतर’. आपल्या उबेच्या एका फोटॉनजवळ मात्र जेमतेम ०.१३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. म्हणजे फारच लहान पट्ट-अंतराचा पदार्थ हवा.

तो मार्ग १९५९ साली इंग्लंडमधील मॉल्व्हर्न येथे लॉसन आणि सहकाऱ्यांनी दाखवला. कॅडमियम टेल्युराइडचे पट्ट-अंतर सुमारे १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर मर्क्युरी टेल्युराइडमध्ये ते उरतच नाही. हे दोन्ही पदार्थ हव्या त्या प्रमाणात एकजीव होतात. पाऱ्याच्या दर पाच अणूंपैकी एकाच्या जागी कॅडमियम घातले, की पट्ट-अंतर ०.१ च्या आसपास येते. प्रमाण बदलून आपण कोणते किरण टिपायचे ते ठरवू शकतो.

पण लहान अंतराची किंमतही मोजावी लागते. पदार्थाच्या स्वतःच्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि बाहेरून आलेला संकेत त्या गोंधळात बुडतो. म्हणून असे शोधक बहुधा द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. शिवाय पारा आणि टेल्युरियम यांचा बंध दुबळा असतो. स्फटिक वाढवताना पारा उडून जातो आणि साधलेले प्रमाण बिघडते. त्यामुळे हे शोधक महाग पडतात. पारा व कॅडमियम विषारी असल्याने ते हाताळतानाही काळजी घ्यावी लागते.

तरीही रात्रीची टेहळणी, हवामान उपग्रह आणि खगोलशास्त्र यांत त्यांना मोठी मागणी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेला ‘टिर्स्पेक’ हा वर्णपटमापक २०१३ साली लडाखमधील हॅनले येथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसवला गेला. त्याचा शोधक याच संयुगाचा आहे. त्यात कॅडमियम अधिक असल्याने तो २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे किरण टिपतो. ताऱ्यांच्या जन्मस्थानांतील धुळीतून असे किरण दृश्य प्रकाशापेक्षा सहज पार होतात.

वर्गात करण्याजोगे: १.२४ ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधील पट्ट-अंतराने भागले, की पदार्थ टिपू शकेल अशी सर्वांत मोठी तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. विद्यार्थ्यांना ती सिलिकॉनसाठी काढायला सांगावी. मग टीव्हीच्या रिमोटचा सुमारे ०.९४ मायक्रोमीटरचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बहुधा चमकतो, पण रिमोट धरणाऱ्या हाताची ऊब का दिसत नाही, हे त्यांचे त्यांनाच सांगता येईल.