चाळिशीनंतर, वजनासकट धावताना

कल्याणजवळच्या विठ्ठलवाडी स्टेशनचा पूल चढताना धाप लागायला लागली की बहुतेक जण आधी वजन उतरवायचं ठरवतात आणि पळण्याचं नंतर बघू म्हणतात. बऱ्याचदा ते ‘नंतर’ येतच नाही. खरं तर वजन उतरण्याची वाट बघायची गरज नाही. पंचेचाळिशीच्या, 95 किलोंच्या माणसालाही लांब पल्ल्याचं धावणं जमू शकतं. त्यासाठी शरीराचा कोणता भाग किती वेगाने तयार होतो, एवढं समजून घ्यावं लागतं.

जर्मनीचे राजकारणी योश्का फिशर 1996 साली 48 वर्षांचे होते आणि वजन 110 किलोंच्या पुढे गेलं होतं. त्या वर्षी ते पळायला लागले आणि 1998 मध्ये त्यांनी हॅम्बुर्गची 42.195 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन पुरी केली. पुढे परराष्ट्रमंत्रिपदाच्या धबडग्यात पळणं सुटलं आणि वजन परत वाढलं. चाळिशी उलटल्यावरही शरीर बदलतं आणि सवय सुटली की बदल ओसरतो, या दोन्ही गोष्टी त्यांच्या बाबतीत दिसल्या.

चालताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा त्यावर साधारण शरीराच्या वजनाएवढा किंवा थोडा जास्त भार येतो. पळताना हाच भार दोन ते तीन पट होतो. म्हणजे 95 किलोंच्या माणसाच्या एका पावलावर 190 ते 285 किलो, आणि एका किलोमीटरमध्ये अशी हजारावर पावलं. ऐकून भीती वाटते. पण पळताना पाऊल लांब पडतं, जमिनीला कमी वेळ टेकतं आणि पावलांची संख्याही कमी भरते. त्यामुळे किलोमीटरमागे गुडघ्यावर पडणारा एकूण भार चालण्यापेक्षा फारसा वाढत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावकांमध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण सुमारे 3.5 टक्के आढळलं, न पळणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के. पळून गुडघे झिजतात हा समज त्यातून खरा ठरत नाही. आधीच झिजलेल्या किंवा सुजलेल्या गुडघ्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला आधी.

दुखापत बहुतेक वेळा होते ती शरीराचे भाग वेगवेगळ्या चालीने तयार होतात म्हणून. दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायूही लवकर साथ देतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं मात्र महिने घेतात. नवा भार पडला की हाड आधी जुना थर काढून टाकतं आणि मग नवा घालतं, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे ते उलट जरा नाजूक असतं. नेमकं तेव्हाच दम सुधारलेला असतो, उत्साह वाढलेला असतो आणि माणूस अंतर दुप्पट करतो. मग टाच धरते, नडगी दुखते आणि बूट माळ्यावर जातात. वजन जास्त असेल तर ही घाई आणखी महाग पडते.

म्हणून सुरुवात डॉक्टरांपासून. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आणि ईसीजी एवढं करून घ्यावं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा जिना चढताना छातीत जड वाटत असेल, तर स्ट्रेस टेस्ट लागेल का ते विचारावं. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात ग्लुकोज ठेवावं.

पहिला महिना फक्त चालायचं: आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास, झपाझप. दुसऱ्या महिन्यात एकाआड एक दिवस असे आठवड्याला तीन दिवस पळणं मिसळायचं. एक दिवस असा असावा: दहा मिनिटं चालणं, मग एक मिनिट हलकं पळणं आणि दोन मिनिटं चालणं, अशी आठ आवर्तनं, शेवटी पाच मिनिटं चालणं. एकोणचाळीस मिनिटांत प्रत्यक्ष पळणं आठच मिनिटं. हे कमी वाटतं आणि सुरुवातीला ते कमीच असायला हवं. दोन आठवडे बिनतक्रार गेले की दर आवर्तनात एकाऐवजी दोन मिनिटं पळा. दर चौथ्या आठवड्याला अंतर थोडं घटवा. पळणं आणि चालणं मिसळण्याची ही पद्धत अमेरिकी धावक जेफ गॅलोवे यांनी 1970च्या दशकापासून रुजवली. ती वापरून लोक पूर्ण मॅरेथॉन करतात, तेव्हा मध्ये चालण्यात कमीपणा मानू नका.

वेग किती? पळताना सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात, तिथे मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही बोलण्याची कसोटी जास्त भरवशाची. पावलं लहान आणि जरा जलद टाका. नेहमीच्यापेक्षा पाच-दहा टक्के जलद पावलांनी गुडघ्यावरचा ताण कमी होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं आणि मांड्यांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, हे आठवड्यातून दोनदा घरीच होतं.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर तळव्यातला फोम बसतो. वजन जास्त असेल तर आणखी लवकर. जुना बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला कललेली दिसली तर तो बाजूला काढा. मांड्या आणि काखा घासतात तिथे आधीच व्हॅसलीन लावा, आणि सुती बनियनऐवजी घाम लवकर वाळणारा टी-शर्ट घाला.

विठ्ठलवाडीत मोकळं मैदान हाताशी नसलं तरी कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या वाहनांत पळू नये. रोजच्यासाठी पहाटेची आतली सपाट गल्ली पुरते. रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक सुरू होण्याआधी लोकलने कल्याणला जाऊन काळा तलावाच्या फेऱ्या मारता येतात, नाहीतर डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात जाता येतं. ठाण्याचा येऊरचा चढ मात्र पहिल्या सहा महिन्यांत नको. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि जाड शरीरातली उष्णता सावकाश बाहेर पडते. म्हणून एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग आणखी कमी ठेवा. चक्कर, थंडी वाजणं किंवा छातीत दुखणं जाणवलं तर जागीच थांबा आणि मदत मागा.

वजनाचा हिशोबही स्वच्छ असावा. पळताना किलोमीटरमागे, किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. 95 किलोंच्या माणसाने 5 किलोमीटर केले की 475 कॅलरी. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी, म्हणजे 5 किलोमीटरच्या सोळा खेपा. नुसत्या पळण्याने वजन सावकाश उतरतं. ताटातला भात, साखर आणि तळण आवरलं तर लवकर. पण काटा हलला नाही तरी रक्तदाब, साखर आणि झोप सुधारू शकते. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणीचे आकडे वहीत लिहा.

असं सहा-आठ महिने चाललं की 10 किलोमीटर आवाक्यात येतात आणि 21.0975 किलोमीटरच्या अर्ध मॅरेथॉनला आणखी सहा महिने द्यावेत. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पावसाळ्यात असते. 2004 पासूनची मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते आणि तिच्यासाठी अलीकडे मध्य रेल्वे पहाटे कल्याणहून विशेष लोकलही सोडते. पहिल्या शर्यतीत वेळेचं लक्ष्य ठेवू नका, न लंगडता घरी येणं पुरेसं आहे.

वजन उतरण्याची वाट बघत आणखी एक वर्ष घालवू नका. येत्या आठवड्यात तपासण्या करून घ्या आणि डॉक्टर हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धा तास चालायला बाहेर पडा.