डुक्कर फियाट आणि लाकडी ठोकळा

"आई, हिचं छप्पर कापून चार इंच खाली आणू या. मडगार्ड काढून टाकू. मागे रुंद टायर, पुढे मोठं इंजिन. काय दिसेल सांग गाडी!"

आमचे चिरंजीव बोलत होते आणि मी कपाळाला हात लावून ऐकत होते. ज्या गाडीबद्दल हे चाललं होतं, ती निफाडजवळच्या आमच्या जुन्या घराच्या गोठ्यात उभी होती. उभी कसली, बसलेली! टायर मातीत रुतलेले, काचा फुटलेल्या, मागच्या सीटवर कोंबडीचं बिऱ्हाड. 1959 ची फियाट 1100. पुढून फुगीर, गोल तोंडवळ्याची. सगळा महाराष्ट्र तिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचा, तीच ही.

मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलवर अमेरिकेतल्या 'हॉट रॉड' गाड्या बघून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलेलं. मलाही त्याने समजावून सांगितलं. 1930-40 च्या दशकांत कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, नको तो पत्रा काढून टाकायची, ताकदीचं इंजिन बसवायची आणि वाळलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर शर्यती लावायची. पुढे तो एक छंदच झाला.

"छान आहे," मी म्हटलं, "पण आधी बाबा डेंटरला गाडी दाखवू दे."

गाडी ट्रॉलीत घालून नाशिकला आणली. आमचे डेंटर चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवलं. जिथे चिकटलं तिथे पत्रा, जिथे घसरलं तिथे लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. मग खाली वाकून तळाचा पत्रा पेचकसाने टोचला. पेचकस आरपार!

"बेटा," ते मुलाला म्हणाले, "ट्रकला वेगळी चेसिस असते, हिला नाही. हा पत्रा हाच हिचा सांगाडा. तळ सडलेला, त्यात तू छप्पर कापलंस, तर दरवाजेसुद्धा लागायचे नाहीत."

शिवाय कायद्याचीही अडचण होती. गाडीची मूळ रचना बदलून ती रस्त्यावर आणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. उलट 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. अट एवढीच, की इंजिन, चेसिस आणि बॉडी मूळ स्वरूपात हवी. नव्याने नोंदणी केली तर दहा वर्षांसाठी वीस हजार रुपये फी. ती गाडी रोज भाजी आणायला नाही न्यायची, प्रदर्शन आणि रॅलीसाठी चालवायची. चिरंजीवांचा चेहरा पडला. पण दोन दिवसांनी आपणहूनच म्हणाले, "ठीक आहे, मग जशी होती तशी करू. पण कशी होती, ते आधी शोधावं लागेल."

झालं, शोधकार्य सुरू! ही गाडी मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली. 1944 मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथली. आपल्या मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखानाही त्यांचाच. ज्यांच्या गोळ्या चघळत आपण मोठे झालो, त्यांचीच गाडी दारात, हे ऐकून मला गंमत वाटली. तिच्याच घराण्यातली पुढची पद्मिनी. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले होते.

ट्रंकेत आरसी बुक सापडलं. पहिले मालक मुंबईचे. दुसरं नाव माझ्या सासऱ्यांचं, साल 1967. सासरे गावात डॉक्टर होते. 1977 मध्ये इंजिन बसलं, त्यांनी जीप घेतली आणि फियाट गोठ्यात गेली. कागदावरचा इतिहास एवढाच.

बाकीचा इतिहास निघाला पत्र्याखालून. चाचांनी रंग घासायला घेतला तेव्हा वरचा काळा, त्याखाली आकाशी, त्याखाली राखाडी असे थर उघडे पडले. राखाडी थेट पत्र्यावर, म्हणजे तोच मूळचा. आणि मग एक दिवस चाचांचा फोन आला. "ताई, जरा येऊन जा. एक गोष्ट समजत नाही."

मी गेले. क्लचच्या पेडलवर एक लाकडी ठोकळा तारेने आवळून बांधलेला होता. दोन बोटं जाड, वरून पायाने झिजून गुळगुळीत झालेला. ब्रेकवरही तसाच. आणि ड्रायव्हरचं सीट पार पुढे सरकवलेलं, तिथेच गंजून घट्ट बसलेलं.

"तुमचे सासरे ठेंगणे होते का?" चाचांनी विचारलं.

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही, पण फोटो आहे ना घरात. सहा फुटी माणूस! मिस्टरांना विचारलं, तर त्यांना फक्त जीप आणि जीपवरचे ड्रायव्हरकाका आठवत होते. गाडी गोठ्यात गेली तेव्हा ते तीन वर्षांचे होते.

संध्याकाळी सासूबाईंपुढे मोबाइलमधला फोटो धरला. वय वर्षं त्र्याऐंशी, उंची जेमतेम चार फूट दहा इंच. त्यांनी चष्मा लावला, फोटो जवळ घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, हा माझा ठोकळा. आपल्या सुताराकडून करून घेतला होता. पायच पोचायचे नाहीत ना."

मी बघतच राहिले. वीस वर्षं एका घरात राहतोय, एका ताटात जेवतोय, आणि मला हे माहीत नाही?

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सासऱ्यांना रात्रीचं नीट दिसेना झालं. अडलेली बाई रात्रीच यायची. गावात दुसरी गाडी नाही. मग सासऱ्यांनीच त्यांना शेताच्या रस्त्यावर गाडी शिकवली, त्यांनी रीतसर लायसन्स काढलं. रात्री पदर खोचून, कंदील शेजारी ठेवून, निफाड ते नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल, चाळीसेक किलोमीटर. मागच्या सीटवर बाळंतीण आणि सोबत डॉक्टर. "एकीचं तर चांदोरीच्या अलीकडे गाडीतच झालं. मुलगी झाली. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून कंदील धरून उभी."

"आई, कधी बोलला नाहीत हे?"

"कोणी विचारलं नाही. मग जीप आली, ड्रायव्हर आला. माझं काम संपलं."

गेली काही वर्षं मी बचत गटांच्या निमित्ताने गावोगाव हिंडते. बाळंतपणाला 108 ला फोन करा, असं बायकांना सांगते. ती सेवा महाराष्ट्रात आली 2014 मध्ये. तिच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी आमच्या गावाची ॲम्ब्युलन्स माझ्याच घरात होती, आणि तिची चालक रोज माझ्यासमोर बसून लसूण सोलत होती! बायकांच्या कष्टाची नोंद होत नाही, असं मी भाषणात तावातावाने सांगते. स्वतःच्या घरात मात्र मी तरी कुठे विचारलं होतं?

आठ महिने काम चाललं. सडलेला तळ कापून नवा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडला. जुनी लांबी खरवडून काढली, पत्रा ठोकून सरळ केला, प्रायमर मारला आणि मूळचा राखाडी रंग दिला. पुढचे दरवाजे पुढून उघडणारे, बिजागऱ्या मागे. तेही तसेच ठेवले. पत्राकाम आणि रंग मिळून दीड लाखाच्या वर खर्च झाला. बांगड्या करायच्या राहिल्या, पण खंत नाही. नोंदणीचे कागद अजून फिरताहेत.

शेवटी प्रश्न आला ठोकळ्यांचा. एक जाणकार म्हणाले, मूळ गाडीत ते नव्हते, काढून टाका. यावर उत्तर दिलं माझ्या मुलाने. "नियम बॉडी, चेसिस आणि इंजिनबद्दल आहे, पेडलबद्दल नाही. ठोकळे राहणार." छप्पर कापायला निघालेला हाच तो मुलगा!

त्याने गाडीची एक फाइल केली आहे. पहिल्या पानावर मुंबईच्या मालकांचं नाव, दुसऱ्यावर आजोबांचं. तिसऱ्या पानावर आजीच्या लायसन्सची झेरॉक्स आणि खाली तिने सांगितलेल्या अकरा बाळंतपणांची यादी, गावांसकट.

परवा सासूबाईंना गाडीत बसवलं. सीट मुद्दाम पुढेच ठेवलंय. त्यांनी पाय ठोकळ्यावर ठेवला, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर न बघता हाताला लागला. म्हणाल्या, "पोचतो गं अजून."

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर, गोठ्यात, ट्रंकेत काहीतरी पडलेलं असेल. भंगारवाल्याला द्यायच्या आधी किंवा घासूनपुसून चकचकीत करायच्या आधी, घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा विचारा, "हे कोण वापरायचं?" उत्तर ऐकायला मात्र जवळ वेळ ठेवा.