वॉर्साचे पत्र : पणजोबांचे गाव कोणत्या साम्राज्यात होते?

उन्हाळा लागला की वॉर्साच्या त्लोमात्स्किए रस्त्यावरील ज्यू इतिहास संस्थेत परदेशी पाहुण्यांची वर्दळ वाढते. कुणी इस्रायलहून आलेले असते, कुणी अमेरिकेतून, कुणी अर्जेंटिनातून. जवळ एखादा जुना फोटो आणि आजीच्या तोंडून ऐकलेले गावाचे नाव, एवढेच भांडवल. शेजारचे मोठे सिनेगॉग जर्मनांनी १६ मे १९४३ रोजी सुरुंग लावून उडवले, तेव्हा संस्थेची ही इमारतही पेटली, पण उभी राहिली. दालनाच्या फरशीवर त्या आगीचे डाग आजही दिसतात. इथल्या वंशशोध विभागात येणाऱ्याला विनामूल्य मदत मिळते.

महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मारले गेले. माणसे गेली तशी कागदपत्रेही जळून गेली असणार, असे बहुतेक पाहुणे धरूनच चालतात. वॉर्सा शहरापुरते ते बरेचसे खरे आहे. १९४४ मध्ये इथली दप्तरे बॉम्बखाली आणि मुद्दाम लावलेल्या आगीत गेली. पण लहान गावांच्या नोंदवह्या मोठ्या प्रमाणात शिल्लक आहेत. नोंद दोन प्रतींत ठेवायची आणि एक प्रत दुसरीकडे पाठवायची, ही जुनी सरकारी शिस्त इथे कामी आली. माझ्या मते हा या देशातला मोठा दिलासा आहे, आणि तो लोकांपर्यंत पुरेसा पोहोचलेला नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचे आडनावच गाव सांगते : पेणकर, रोहेकर, केहीमकर. इथे तसे होत नाही. पोलंडच्या ज्यूंवर कायमची आडनावे सरकारांनी लादली. ऑस्ट्रियाने १७८७ मध्ये, तर रशियाच्या ताब्यातल्या पोलिश राज्यात १८२१ मध्ये. त्याआधी अमक्याचा मुलगा तमका, एवढेच चाले. एकच आडनाव पन्नास गावांत भेटते. म्हणून आधी गाव ठरवायचे. तेही आजीने सांगितलेल्या यिद्दिश नावाने नकाशात सापडत नाही. ‘गेर’ म्हणजे गुरा काल्वारिया, ‘रैशा’ म्हणजे झेशुफ.

त्यानंतरचा प्रश्न, ते गाव तेव्हा कोणाचे होते? १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून खाल्ला, आणि प्रत्येकाच्या दप्तराची रीत निराळी. मधल्या, पुढे रशियाच्या ताब्यात गेलेल्या भागात नेपोलियनचा कायदा १८०८ मध्ये आला. सुरुवातीला ज्यूंचे जन्मसुद्धा कॅथलिक पाद्रीच्या वहीत लिहिले जात. १८२६ पासून प्रत्येक धर्माच्या वह्या वेगळ्या झाल्या. १८६८ पर्यंत भाषा पोलिश, पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत रशियन. रशियन नोंदीत तारखा दोन असतात, जुन्या आणि नव्या पंचांगाच्या. एकोणिसाव्या शतकात त्यांत बारा दिवसांचे अंतर होते.

या वह्यांतली नोंद म्हणजे रकाने नसतात, सलग मजकूर असतो. अमुक गावी, अमुक दिवशी, दुपारी अमुक वाजता एक ज्यू शिंपी समक्ष हजर झाला, वय तीस. सोबत दोन साक्षीदार, त्यांचीही वये आणि धंदे. त्याने मुलगा दाखवला, त्याची जन्मवेळ सांगितली, बायकोचे नाव, तिचे माहेरचे आडनाव आणि वय सांगितले. सुंतेच्या वेळी कोणते नाव ठेवले तेही. शेवटी वाचून दाखवल्याचा शेरा आणि सह्या. काही सह्या हिब्रू अक्षरांत, तर काही ठिकाणी बापाला लिहिता येत नाही अशी टीप. एका पानावर पाच माणसे, त्यांचे धंदे आणि नाती मिळतात. कधी एकाच दिवशी चार भावंडांचे जन्म नोंदलेले दिसतात, थोरला चांगला विशीतला. लग्न किंवा सरकारी काम निघाले की बापाला आठवण व्हायची. म्हणून फक्त जन्मवर्षाची वही पाहून परत फिरू नये.

दक्षिणेकडच्या ऑस्ट्रियन गॅलिशियात अडचण वेगळी. तिथे केवळ धार्मिक विधीने झालेले लग्न सरकार मानत नसे. मग मुले अनौरस ठरत आणि आईच्या आडनावाने नोंदली जात. पाहुणे हे वाचून गोंधळतात, काहींना वाईट वाटते. त्यात त्या बाईचा काडीचा दोष नव्हता, हे त्यांना समजावून सांगावे लागते. शिवाय गॅलिशियाचा पूर्व भाग आता युक्रेनमध्ये आहे. तिथल्या ज्यू वह्यांपैकी पुष्कळ इथे दूगा रस्त्यावरच्या जुन्या दप्तरांच्या मध्यवर्ती अभिलेखागारात आहेत, काही ल्विवमध्ये. विचारणा दोन्हीकडे करावी लागते.

नियम सरळ आहेत. जन्मनोंद १०० वर्षे आणि विवाह व मृत्यूची नोंद ८० वर्षे निबंधक कार्यालयात राहते, मग राज्य अभिलेखागाराकडे जाते. तिथे ती कुणालाही पाहता येते, आणि लाखो पानांच्या प्रतिमा इंटरनेटवर फुकट आहेत. अलीकडच्या नोंदीची प्रत मात्र जवळच्या नातेवाइकालाच मिळते. मुलगा, नात, भाऊ, नाहीतर कायदेशीर हितसंबंध दाखवणारा. भाच्याला मिळेल असे सहसा गृहीत धरू नये. १९९५ पासून ‘ज्यूइश रेकॉर्ड्स इंडेक्सिंग – पोलंड’चे स्वयंसेवक या वह्यांची नावनिशी तयार करत आहेत. त्यांच्या सूचीत उच्चारावरून शोध घेता येतो, म्हणून Schwartz आणि Szwarc एकाच जाळ्यात येतात. वंशशोधकांचे निम्मे काम या माणसांनी हलके केले.

वॉर्साच्या ओकोपोवा रस्त्यावरच्या ज्यू कब्रस्तानातही उत्तरे आहेत. ते १८०६ मध्ये सुरू झाले. थडग्यावर मृताच्या नावापुढे बापाचे नाव हिब्रूत असते; कोरलेले दोन पंजे म्हणजे कोहेन घराणे, सुरई म्हणजे लेवी. सरकारी वहीत न मिळालेली एक पिढी अशा दगडावर मिळून जाते.

सर्वांत कठीण प्रश्न १९३९ नंतरचा. त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्यूछावणीत मारलेल्यांचे मृत्यू कुठल्याही गावाच्या वहीत लिहिले गेले नाहीत. पण युद्धानंतर घर-जमिनीसाठी किंवा पुन्हा लग्न करण्यासाठी वाचलेल्या नातेवाइकांना आपली माणसे मृत घोषित करून घ्यावी लागली. त्यासाठी ते स्थानिक न्यायालयात गेले, आणि शेजारी-आप्तांच्या साक्षी झाल्या : कोणाला शेवटचे कुठे पाहिले, मुले किती होती, त्यांची वये काय. या फायली त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात आहेत. बऱ्याचशा इंटरनेटवर नाहीत. पत्र लिहून मागाव्या लागतात. पत्रात गावाचे पोलिश नाव, न्यायालयाचा जिल्हा आणि १९४५ ते १९५० ही वर्षे लिहावीत, आणि पोलिशमध्ये लिहिता आले तर फारच बरे.