काजूच्या बीची सफर
(टांझानिया देशाच्या परदेशी व्यापाराविषयीं दोन शब्द)

विद्यार्थीमित्रहो, सणावारीं आपल्या घरच्या शिऱ्यांत किंवा खिरींत जो काजूगर पडतो, तो कोठून येतो असें कोणी विचारल्यास तुम्ही बहुधा "कोंकणांतून" किंवा "गोव्याहून" असें उत्तर द्याल. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें पुरेंही नाहीं. त्या गराचें टरफल कोंकणांतल्या अगर मंगळूरच्या एखाद्या कारखान्यांत फोडलें गेलें असलें, तरी ती बी पुष्कळदां समुद्रापलीकडे, आफ्रिका खंडांत पिकलेली असते. अशी बी आपल्या देशास पुरविणाऱ्या राष्ट्रांपैकीं पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया हें एक प्रमुख राष्ट्र होय. ह्या एका बीच्या सफरीवरून परदेशी व्यापार म्हणजे काय, त्याचा लाभ कोणास होतो व त्यांत तरुणांस कोठें वाव आहे, हें सांगण्याचा आम्ही येथें यत्न करणार आहों.

टांगानिका हा प्रदेश 1961 सालीं स्वतंत्र झाला. 1964 सालीं झांजिबार बेटांशीं त्याचें ऐक्य होऊन दोहोंच्या नांवांतील आद्याक्षरांवरून 'टांझानिया' हें नवें नांव बनलें. आफ्रिकेंतील सर्वांत उंच पर्वत किलिमांजारो ह्याच देशांत आहे. 2022 च्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या 6 कोटींहून अधिक भरली. राजधानी डोडोमा येथें असली, तरी व्यापाराची खरी पेठ म्हणजे दार-एस्-सलाम बंदर.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा ह्या प्रदेशाशीं संबंध आजकालचा नव्हे. आगबोटी नव्हत्या तेव्हां हा व्यापार वाऱ्याच्या स्वाधीन होता. हिवाळ्यांत ईशान्येकडील वारा सुटला म्हणजे कच्छ, काठेवाड व मुंबईकडील गलबतें कापड घेऊन आफ्रिकेस जात, आणि पुढें नैर्ऋत्येकडील वारा वाहूं लागला कीं हस्तिदंत व लवंगा घेऊन परत येत. ह्या येण्याजाण्याच्या खुणा तेथील स्वाहिली भाषेंत आजही दिसतात. दुकानास तेथें 'दुका' म्हणतात, गाडीस 'गारी', लाखास 'लाकी', विम्यास 'बिमा' आणि गोणीस 'गुनिया'. दार-एस्-सलामच्या रस्त्यावर तीन चाकी रिक्षास 'बजाजी' म्हणतात, हें ऐकून आमच्या पुणेकर वाचकांस खचित मौज वाटेल!

काजूचें झाड मूळचें ना आपलें, ना त्यांचें. तें ब्राझीलमधील. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें गोव्याच्या व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणिलें. टांझानियाच्या दक्षिण टोंकास, रुवूमा नदीच्या अलीकडे, म्त्वारा व लिंडी हे प्रांत आहेत. तेथील रेताड जमीन ह्या झाडास मानवली. आपल्याकडे काजूचा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत असतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या म्त्वाऱ्यांत मात्र तो ऑक्टोबरांत सुरू होऊन जानेवारीच्या सुमारास संपतो. म्हणून आपल्या कारखान्यांतील साठा संपत आला असतां तिकडची बी येऊन पोंचते व कामगारांचे हात रिकामे राहत नाहींत. एकाची सुगी ती दुसऱ्याची निकड, हेंच परदेशी व्यापाराचें मूळ होय.

आतां ही बी गर कशी होते तें पाहूं. प्रथम बी उन्हांत वाळवितात, मग वाफेवर शिजवितात किंवा भाजतात, म्हणजे टरफल ठिसूळ होतें. टरफलांत कातडी भाजून काढणारें तेल असतें. म्हणून तें फोडणाऱ्या बाया हातांस राख किंवा दुसरें तेल लावून बसतात. नंतर गर सुकवून त्यावरील तांबूस साल काढतात व आकाराप्रमाणें निवड करितात. बाजारांत 'डब्ल्यू 320' असें नांव ऐकूं येतें. त्याचा अर्थ एका पौंडांत असे 300 ते 320 अखंड गर बसतात. 'डब्ल्यू 180' म्हणजे त्याहून पुष्कळ मोठा गर, आणि म्हणूनच तो अधिक महाग. गर दुभंगला कीं 'पाकळी', आणखी मोडला कीं 'तुकडा', आणि दर पायरीस किंमत उतरते. शंभर किलो बीपासून गर सुमारें वीस-पंचवीस किलोच मिळतो. ह्या कामांत यंत्रें आलीं असलीं, तरी बोटांचें कसब अजून संपलेलें नाहीं. टरफलांचें तेलही वायां जात नाहीं. तें रंगांच्या व मोटारींच्या ब्रेकांच्या कामीं येतें.

टांझानियांतील शेतकऱ्यानें मात्र ह्या बीपायीं पुष्कळ सोसलें आहे. 1973-74 च्या हंगामांत तेथें सुमारें 1 लाख 45 हजार टन बी निघाली; 1986-87 मध्यें हा आंकडा सुमारें 16-17 हजार टनांवर येऊन ठेपला. असें कां झालें? सरकारनें विखुरलेल्या कुटुंबांस नव्या गांवांत एकत्र वसविलें, त्यामुळें कित्येकांचीं झाडें दूर राहिलीं. सरकारी मंडळाकडून मिळणारी किंमत इतकी अल्प असे कीं बी वेंचण्याचे श्रमही फिटत ना. त्यांत भुरी रोगानें मोहोर करपूं लागला. परदेशी कर्ज काढून उभारलेले मोठमोठे यांत्रिक कारखाने बीच्या अभावीं गंजत पडले. पुढें व्यापार मोकळा झाला, म्त्वाऱ्याजवळील नालिएंडेले येथील संशोधनसंस्थेच्या प्रयत्नांनीं गंधकाची भुकटी मारण्याची रीत व चांगलीं रोपें शेतकऱ्यांपर्यंत गेलीं, आणि 2017-18 च्या हंगामांत उत्पन्न 3 लाख टनांच्या वर गेलें.

विक्रीची रीतही बदलली. 2007 पासून शेतकरी आपली बी गांवच्या सहकारी सोसायटीकडे देतो. ती वखारींत ठेवून पावती मिळते. मग मालाचा लिलांव होऊन जो अधिक भाव देईल त्यास तो मिळतो. एकट्यादुकट्या शेतकऱ्यास गांठून पडेल भावानें माल उचलणाऱ्या दलालास ह्यामुळें आळा बसला. लिलांवांत भारत व व्हिएतनाम येथील व्यापाऱ्यांची मोठी खरेदी असते.

परंतु रीत चांगली असली म्हणून पेंच येत नाहीं असें नाहीं. 2018 सालीं व्यापाऱ्यांनीं बोललेला भाव शेतकऱ्यांस मान्य होईना. तेव्हां नोव्हेंबरांत राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली ह्यांनीं सर्व पीक सरकारच किलोस 3,300 शिलिंग दरानें विकत घेईल असें जाहीर केलें व माल वाहण्यास लष्कर पाठविलें. हेतु शेतकऱ्याच्या कैवाराचा होता. पण गिऱ्हाईक निघून गेल्यावर पुष्कळ माल महिनोगणती वखारींत पडून राहिला, आणि कित्येकांस पैशांची वाट पाहात बसावें लागलें. ह्याच्या उलट बाजूचें उदाहरणही इतिहासांत आहे. झांजिबारांत लवंगांच्या व्यापाराचा मक्ता एकाच संस्थेच्या हातीं देणारा कायदा ब्रिटिश अमलांत झाला, तेव्हां 1937-38 मध्यें भारतीयांनीं तेथील लवंगांवर बहिष्कार घातला. लवंगांची मुंबईची पेठ बंद पडतांच झांजिबारचा व्यापार अडला व शेवटीं 1938 सालीं तडजोड करावी लागली. दोन्ही गोष्टींचें तात्पर्य एकच. विकणाऱ्यानें घेणाऱ्यास तुच्छ लेखूं नये, आणि घेणाऱ्यानें विकणाऱ्यास नाडूं नये. तराजूचें एक पारडें मोडलें तर दुसऱ्याचा उपयोग काय?

आज प्रश्न निराळाच उभा आहे. बी कच्ची विकली तर टरफल फोडण्याची मजुरी व गराचा नफा परदेशांत जातो, हें टांझानियाच्या लोकांनीं ओळखलें आहे. म्हणून कच्च्या बीच्या निर्गतीवर सरकार कर घेतें व देशांतच कारखाने वाढविण्याचा यत्न करीत आहे. त्यांचें म्हणणें न्याय्य नाहीं असें कोण म्हणेल? आपलाही कापूस एके काळीं परदेशीं जाऊन कापड होऊन परत येत असे, आणि तें शल्य आपल्या वाडवडिलांच्या मनांत होतें. मात्र तिकडची बी येईनाशी झाली, तर आपल्या किनाऱ्यावरील कारखान्यांत बसणाऱ्या शेंकडों बायांच्या चुलीचें काय, हाही विचार आपणांस चुकत नाहीं. आमच्या मतें उपाय दोन. आपल्या कोंकणांत काजूची लागवड व निगा वाढवावी, हा एक. आणि टरफल फोडण्याचीं यंत्रें, निवडीचें कसब व बांधणीची कला घेऊन आपल्याच लोकांनीं तेथें भागीदार म्हणून जावें, हा दुसरा.

संधि केवळ काजूंतच आहे असें नव्हे. टांझानिया आपणांस सोनें, काजू, तूर इत्यादि माल देतो आणि आपल्याकडून औषधें, यंत्रें, वाहनें व शुद्ध केलेलें खनिज तेल घेतो. दार-एस्-सलाम बंदरांतून झांबिया, कांगो, रुआंडा, बुरुंडी अशा मुलखांसही माल जातो; ह्यांपैकीं कित्येकांस स्वतःचा समुद्रकिनाराच नाहीं. तेव्हां त्या एका बंदरांत पाय रोवणारा व्यापारी अनेक देशांच्या दारीं उभा राहतो. तेथून झांबियापर्यंत गेलेली टाझारा रेल्वे सुमारें 1,860 किलोमीटर लांब असून ती चीनच्या साहाय्यानें बांधली गेली. 2024 पासून दार-एस्-सलाम व डोडोमा ह्यांच्या दरम्यान विजेवर चालणारी नवी आगगाडीही धांवूं लागली आहे. 2023 पासून उभय देशांमधील देणेंघेणें रुपयांत भागविण्याची सोय झाली असल्यानें हुंडणावळीचा त्रासही कांहींसा कमी होण्याजोगा आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलगा किंवा मुलगी परदेशी व्यापाराची गोष्ट काढील तर "आपणांस तें जमावयाचें नाहीं" असें म्हणून त्यांस गप्प बसवूं नये. आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, ह्या धंद्यास भांडवलाआधीं तीन गोष्टी लागतात. पहिली, हिशेबाची चोख वही. दुसरी, गिऱ्हाइकाची भाषा. आणि तिसरी, नमुन्याप्रमाणें माल देण्याची सचोटी. वर चांगले गर व तळाशीं तुकडे भरलेली पेटी एकदांच खपते. पुढल्या खेपेस ती पेटी भरणाराचा गांवही कोणी विचारीत नाहीं.

पुढच्या वेळीं खिरींत काजूगर दिसला, म्हणजे तो खाण्यापूर्वीं क्षणभर म्त्वाऱ्याच्या त्या शेतकऱ्याचें स्मरण करा. त्याच्या श्रमाचें मोल त्यास पुरतें मिळावें आणि आपल्या कारखान्यांतील हातांसही काम राहावें, असा व्यापार जो करून दाखवील तोच खरा व्यापारी. तो आपल्या शाळेंतून निघावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.