प्रश्नाला नाव कोण देतो? : अमेरिकेतील ‘वेल्फेअर’ची कहाणी

बँकेच्या खतावणीत रक्कम कोणत्या शीर्षाखाली टाकली यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून असतो. राजकारणातही प्रश्न कोणत्या नावाने मांडला यावर त्याचे उत्तर पुष्कळसे ठरून जाते. अमेरिकेत या मांडणीत वंशभेद कसा मिसळतो, हे ‘वेल्फेअर’ या एका शब्दावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.

१९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यात वृद्धांसाठी निवृत्तिवेतन होते; पगारातून वर्गणी कापली जात असल्याने तो हक्क मानला गेला. निराधार मुलांसाठी दिलेले साहाय्य मात्र दान ठरले. निवृत्तिवेतनातून शेतमजूर व घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेकडील असंख्य कृष्णवर्णीय नेमके याच कामांत होते. ही त्रुटी १९५० च्या दशकात बरीचशी दूर झाली. हक्क आणि दान हा भेद मात्र कायम राहिला.

या दानालाच लोक पुढे ‘वेल्फेअर’ म्हणू लागले. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत. अनेक खोटी नावे घेऊन ती सरकारी पैसा लाटते, अशी. फसवणूक घडली होती हे खरे. पण एका बाईवरून लाखो मातांची परीक्षा झाली. रेगन तिचा वर्ण सांगत नसत. त्याची गरजही नव्हती! मार्टिन गिलेन्स या अभ्यासकाने १९९९ च्या ग्रंथात दाखविले की, १९५० ते १९९२ या काळात वृत्तसाप्ताहिकांतील गरिबांच्या चित्रांत निम्म्याहून अधिक चेहरे कृष्णवर्णीयांचे होते. प्रत्यक्ष गरिबांत त्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्के.

१९८० च्या दशकातील पाहणीत ‘गरिबांच्या मदतीवर’ खर्च अपुरा आहे, असे साठ टक्क्यांहून अधिक लोक म्हणत. तोच प्रश्न ‘वेल्फेअर’ या नावाने विचारला की तसे म्हणणारे जेमतेम चौथा हिस्सा उरत.

अखेर ऑगस्ट १९९६ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, डेमोक्रॅटिक पक्षाच्याच बिल क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. कायद्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द होते. ‘गरिबी’ हा शब्द नव्हता. जुना हक्क संपला, राज्यांना ठरावीक रक्कम मिळू लागली आणि केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीवर बहुतेक कुटुंबांना आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा आली. ती मर्यादा गोऱ्या गरीब मातांनाही लागू झाली, आणि त्यांची संख्या लहान नव्हती.